नाशिक जिल्ह्यातील तेलबिया व आहारातील स्निग्धांश

तेलबियांपासून काढलेले तेल आणि बियांच्याच रूपाने खाल्ला जाणारा स्निग्धांश यांचा लोकांच्या आहाराला होणारा पुरवठा हा कोणत्याही प्रदेशाच्या कृषिइतिहासाचा, तसाच त्याच्या आरोग्याचाही एक महत्त्वाचा भाग असतो. महाराष्ट्राच्या वायव्य भागातील नाशिक जिल्ह्यात या पुरवठ्याची दोन भिन्न रूपे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. पूर्वेकडील कमी पावसाच्या ‘देश’ भागात बाजरी, तीळ, करडई व पुढे भुईमूग यांवर, तर पश्चिमेकडील सह्याद्रीलगतच्या ‘डांग’ भागात नागली, वरई, भात व कारळे यांवर तो अवलंबून होता. गेल्या दीडशे वर्षांत तेलाचा दरमाणशी पुरवठा पुष्कळ वाढला. परंतु ज्या बियांपासून तो पूर्वी होत असे, त्या बिया याच काळात शेतातून व स्वयंपाकघरातून मागे पडत गेल्या. भारताच्या खाद्यतेलविषयक इतिहासाचा बराचसा भाग या एका जिल्ह्याच्या उदाहरणावरून समजून घेता येतो.

आहारशास्त्रीय पार्श्वभूमी : एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सु. ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांपासून ती सु. ४ किलोकॅलरी मिळते. अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे वसेत विरघळणारी असल्याने त्यांच्या शोषणासाठी आहारात काही स्निग्धांश असावाच लागतो. पालेभाज्या व रानभाज्या यांतील कॅरोटिनाचा उपयोग शरीराला नीट व्हावयाचा, तर त्यांबरोबर थोडे तेल पोटात जाणे आवश्यक असते. लिनोलेइक व आल्फा-लिनोलेनिक ही दोन वसाम्ले शरीरात तयार होत नसल्याने ती अन्नातूनच मिळवावी लागतात. लहान मुलांच्या बाबतीत स्निग्धांशाचे महत्त्व अधिक असते. त्यांचे जठर लहान असते. त्यामुळे पेज किंवा भाकरी यांसारखे स्निग्धांशहीन अन्न पोटभर खाऊनही त्यांची ऊर्जेची गरज पुरी होत नाही.

आहारातील स्निग्धांशाचे दृश्य व अदृश्य असे दोन प्रकार मानतात. तेल, तूप, लोणी व वनस्पती तूप हे दृश्य स्निग्ध पदार्थ होत. धान्ये, डाळी, दूध, मांस व तेलबिया यांत अंगभूत असलेला तो अदृश्य स्निग्धांश होय. दरमाणशी तेलाच्या उपलब्धतेचे आकडे केवळ पहिल्या प्रकाराचे असतात. चटणी, कूट वा तीळगूळ यांच्या रूपाने पोटात जाणारा स्निग्धांश त्यांत येत नाही. महाराष्ट्रातील ग्रामीण आहाराचा विचार करताना हा भेद लक्षात घेणे आवश्यक ठरते.

धान्य व तेलबिया यांची सांगड : दर १०० ग्रॅ. बाजरीत सु. ५ ग्रॅ. स्निग्धांश असतो. ज्वारीत तो सु. १·९ ग्रॅ., नागलीत सु. १·३ ग्रॅ. व सडलेल्या तांदळात सु. ०·५ ग्रॅ. आढळतो. म्हणजे दिवसाला ४०० ग्रॅ. बाजरी खाणाऱ्यास केवळ धान्यातून सु. २० ग्रॅ. स्निग्धांश मिळतो, तेवढीच नागली खाणाऱ्यास सु. ५ ग्रॅ., तर तेवढाच तांदूळ खाणाऱ्यास सु. २ ग्रॅ. मिळतो. मालेगाव, नांदगाव, येवला, सिन्नर या तालुक्यांतील बाजरी खाणाऱ्या कुटुंबाला तेलाचा तुटवडा जितका जाणवे, त्याहून तो पेठ, सुरगाणा, इगतपुरी व त्र्यंबकेश्वर या भागांतील नागली व भात खाणाऱ्या कुटुंबाला अधिक जाणवणे क्रमप्राप्त होते.

डांग भागातील ही उणीव कारळे (खुरासणी) या पिकाने भरून काढली. वरकस जमिनीवर नागली, वरई व कारळे ही पिके फेरपालटाने घेण्याची तेथे जुनी पद्धत आहे. कारळे हलक्या, उताराच्या जमिनीत, खताशिवाय येते. पावसाळ्याच्या अखेरीस त्याच्या पिवळ्या फुलांनी डोंगरउतार भरून जातात. त्याच्या बियांत ३५ ते ४० टक्के तेल असून त्यात लिनोलेइक अम्लाचे प्रमाण मोठे असते. कोकणा, महादेव कोळी, वारली इ. आदिवासी समाजांत हे तेल स्वयंपाकात वापरतात आणि बी भाजून, मिरची, लसूण व मीठ घालून कुटलेली चटणी भाकरीबरोबर खातात. अशा चटणीत वीस ग्रॅम बी असल्यास त्यातून ७ ते ८ ग्रॅ. स्निग्धांश मिळतो; म्हणजे दिवसभराच्या नागलीतून मिळतो त्याहून अधिक. याखेरीज मोहाच्या बियांचे तेलही या भागात खाण्यासाठी व दिव्यासाठी वापरीत.

देश भागात तेलबियांची पिके बहुधा मिश्रपीक म्हणून घेत. बाजरीत तिळाचे तास, गव्हात जवसाच्या ओळी व ज्वारी-गव्हाच्या कडेने करडई अशी त्यांची मांडणी असे. करडईच्या काटेरी झाडांचे कुंपण होऊन गुरांपासून पिकाचे रक्षण होई आणि तिच्या कोवळ्या पानांची भाजीही होई. या पिकांतून घरखर्चापुरते तेल व चटणीपुरते बी निघे. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी व संक्रांतीचा तीळगूळ या प्रथांतून थंडीच्या दिवसांतील स्निग्धांशाची गरज ओळखल्याचे दिसते.

प्राचीन काळ व घाणी : तेल हा शब्दच मुळी तिळापासून आला आहे. संस्कृत ‘तैल’ म्हणजे तिळाचे ते. नाशिक परिसरातील तेलाच्या व्यवसायाचा प्राचीन पुरावा पांडवलेणी येथील शिलालेखांत मिळतो. आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकीर्दीतील (इ. स. तिसरे शतक) एका लेखात गोवर्धन येथील श्रेणींकडे कायमठेव ठेवल्याचा उल्लेख असून त्यांत तिलपिषकांची, म्हणजे तेल गाळणाऱ्यांची, श्रेणी आहे. ठेवीच्या व्याजातून संघातील आजारी भिक्षूंना औषधे पुरवावयाची होती. यावरून तेल गाळणाऱ्यांचा व्यवसाय संघटित व पतदार होता, असे अनुमान निघते.

पुढील सु. सोळाशे वर्षे तेल काढण्याचे मुख्य साधन बैलघाणी हेच राहिले. लाकडी वा दगडी उखळात फिरणारी लाट व तिला जोडलेला बैल एवढीच तिची रचना. शेतकरी आपले बी तेल्याकडे नेई आणि तेल घेऊन येई. पेंड गुरांना जाई. घाणीत तेल पूर्णपणे निघत नाही. सामान्यतः १० ते १२ टक्के तेल पेंडीत उरते. उद्योगाच्या दृष्टीने हा अपव्यय असला, तरी गावाच्या दृष्टीने तो तसा नव्हता. कारण तोच स्निग्धांश दुभत्या जनावरांच्या चाऱ्यात जाऊन काही अंशी दूध-तुपाच्या रूपाने परत येई. तथापि या व्यवस्थेत सर्वांना पुरेसे तेल मिळत होते, असे मानण्याचे कारण नाही. तेल महाग असे, ते जपून वापरले जाई आणि त्याचा काही भाग दिव्यात जळून जाई.

रेल्वे, निर्यात व घासलेट : १८६५ मध्ये थळ घाटातील लोहमार्ग खुला झाल्याने नाशिक, इगतपुरी व मनमाड ही ठिकाणे मुंबई बंदराशी थेट जोडली गेली. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला. त्याच वर्षी नाशिक हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. यूरोपातील रंग, रोगण, लिनोलियम व साबण यांच्या कारखान्यांना तेलबियांची मोठी गरज असल्याने जवस, तीळ इ. बियांची मुंबईहून होणारी निर्यात वाढली आणि पूर्वी गावातच संपणाऱ्या बीला जागतिक भाव मिळू लागला. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला. पण बी निर्यात झाल्याने तेलाबरोबर पेंडही देशाबाहेर जाऊ लागली. कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात तेलबियांच्या निर्यातीमुळे जमिनीचा कसही बाहेर जातो, याकडे लक्ष वेधले होते. याच सुमारास आयात घासलेट खेड्यापाड्यांत पोहोचले. दिव्यासाठी खर्च होणारे वनस्पतिजन्य तेल त्यामुळे वाचले, तर करंज व मोह यांच्या तेलाचा एक मोठा उपयोग कमी झाला.

भुईमुगाचा प्रसार : दक्षिण अमेरिकेतून आलेले भुईमुगाचे पीक एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात स्थिरावले. त्या शतकाच्या अखेरीस टिक्का रोगाने त्याची मोठी हानी झाली. त्यानंतर स्पॅनिश व जपानी प्रकारांचे लवकर तयार होणारे बियाणे आणण्यात आले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खानदेश व त्याला लागून असलेल्या मालेगाव, बागलाण, कळवण, नांदगाव या तालुक्यांत हे पीक पसरले. शतकाच्या मध्यापर्यंत भुईमूग हे नाशिक जिल्ह्याचे प्रमुख तेलबी पीक बनले. पुढे जळगाव येथील संशोधन केंद्रातून निघालेला ‘फुले प्रगती’ (जेएल–२४) हा लवकर येणारा वाण या भागाबरोबरच देशात इतरत्रही प्रसृत झाला.

भुईमुगाच्या दाण्यात ४५ ते ५० टक्के तेल व सु. २५ टक्के प्रथिने असतात. त्याचे कूट भाजी, आमटी, उसळ व उपवासाचे पदार्थ यांत पडू लागले आणि अल्पकाळात ते महाराष्ट्रीय स्वयंपाकाचे अविभाज्य अंग बनले. ज्या घरात तेल मोजून घातले जाई, तेथेही मूठभर कूट परवडत असे. तेलाच्या आकडेवारीत न दिसणारा हा पुरवठा देश भागातील आहारात निर्णायक ठरला.

गिरण्या व वनस्पती तूप : भुईमुगाच्या विपुलतेमुळे धुळे, जळगाव, अमळनेर या भागांत यांत्रिक तेलगिरण्या निघाल्या. दाबयंत्रातून (एक्स्पेलर) निघालेल्या पेंडीत ६ ते ८ टक्के, तर विद्रावक निष्कर्षणानंतर एक टक्क्याहूनही कमी तेल उरते. या स्पर्धेत बैलघाणी टिकणे कठीण झाले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत घाणीच्या सुधारणेचे काम हाती घेतले व झवेरभाई पटेल यांच्या प्रयत्नांतून सुधारित वर्धा घाणी तयार झाली. परंतु गिरणीचे तेल स्वस्त पडत असल्याने घाण्यांची पीछेहाट थांबली नाही.

निकेलच्या साहाय्याने तेलाचे हायड्रोजनीकरण करून ते तुपासारखे घट्ट करण्याचा उद्योग १९३० नंतर मुंबईत सुरू झाला. १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आले. १९४५ मध्ये एम्. एच्. हाशम प्रेमजी यांनी अमळनेर येथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. खानदेशच्या भुईमुगावर उभी राहिलेली हीच कंपनी पुढे ‘विप्रो’ या नावाने माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात जगप्रसिद्ध झाली. तूप न परवडणाऱ्या मध्यमवर्गाला वनस्पती तुपाने सणासुदीच्या पक्वान्नांसाठी पर्याय दिला. शुद्ध तुपात त्याची भेसळ होऊ लागल्याने ती ओळखता यावी म्हणून वनस्पती तुपात ५ टक्के तिळाचे तेल मिसळणे बंधनकारक करण्यात आले. तिळाच्या तेलाची रासायनिक कसोटी सोपी असल्याने ही युक्ती योजण्यात आली. १९५३ पासून त्यात अ जीवनसत्त्व घालणेही सक्तीचे झाले. अंशतः हायड्रोजनीकरणात तयार होणारी ट्रान्स वसाम्ले हृदयविकाराला पोषक ठरतात, हे मात्र फार उशिरा सिद्ध झाले. तेले व स्निग्ध पदार्थ यांतील त्यांचे प्रमाण भारतात टप्प्याटप्प्याने कमी करण्यात येऊन जानेवारी २०२२ पासून ते २ टक्क्यांवर मर्यादित करण्यात आले.

टंचाई, आयात व तंत्रज्ञान मोहीम : स्वातंत्र्योत्तर काळात लोकसंख्येच्या मानाने तेलबियांचे उत्पादन वाढले नाही. १९६०–६१ मध्ये देशातील खाद्यतेलाची दरमाणशी वार्षिक उपलब्धता सु. ३·२ किग्रॅ., म्हणजे दिवसाला ९ ग्रॅमांहूनही थोडी कमी होती. १९८०–८१ मध्येही ती सु. ३·८ किग्रॅ. एवढीच होती. तेलबियांची लागवड मुख्यतः कोरडवाहू असल्याने अवर्षणात तेलाचे भाव कडाडत. १९७२–७३ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला याचा तीव्र अनुभव दिला. त्या दशकाच्या उत्तरार्धापासून खाद्यतेलाची मोठ्या प्रमाणावर आयात सुरू झाली आणि शिधावाटप दुकानांतून पामोलीन मिळू लागले. ज्या घरांत शेंगदाणा वा करडई यांखेरीज दुसरे तेल माहीत नव्हते, तेथे आग्नेय आशियातील ताडवर्गीय झाडाचे तेल प्रथमच आले.

मे १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू केली. सुधारित वाण, आधारभाव, प्रक्रिया व आयातीवरील नियंत्रण यांच्या एकत्रित परिणामाने देशातील तेलबियांचे उत्पादन १९८५–८६ मधील सु. १०८ लाख टनांवरून १९९६–९७ मध्ये सु. २४४ लाख टनांवर गेले. १९९० नंतर काही वर्षे देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. तथापि १९९४ पासून पामोलीनची आयात खुली होत गेली, मागणीही वेगाने वाढली आणि ही स्वयंपूर्णता टिकली नाही. २०२२–२३ मध्ये खाद्यतेलाची आयात सु. १६५ लाख टन झाली. देशांतर्गत उत्पादनातून निम्म्याहून कमी गरज भागते.

पीकबदल : याच काळात नाशिक जिल्ह्याची पीकरचना पालटली. सिंचनाची सोय असलेल्या जमिनीत द्राक्ष, कांदा, भाजीपाला व डाळिंब ही पिके आली. कोरडवाहू क्षेत्रात मक्याचा प्रसार झाला. तीळ, जवस व करडई ही पिके जवळजवळ नाममात्र उरली आणि भुईमुगाचे क्षेत्रही घटले. बाजरीची जागा शहरांत व मोठ्या गावांत गव्हाने घेतली. त्यामुळे धान्यातून मिळणारा अदृश्य स्निग्धांशही कमी झाला. निफाड, दिंडोरी, येवला, सिन्नर या तालुक्यांत सोयाबीन हे नवे तेलबी पीक रुजले असून लासलगावच्या बाजारात कांद्याबरोबर त्याचीही मोठी आवक होते. मात्र सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्केच असते. ते घाणीवर किफायतशीरपणे निघत नाही व परिष्करणाशिवाय वापरताही येत नाही. त्यामुळे भुईमूग वा कारळे यांप्रमाणे सोयाबीन शेतातून सरळ स्वयंपाकघरात जात नाही. ते कारखान्यात जाते आणि शेतकरी तेलाची पिशवी दुकानातून विकत घेतो.

सद्यःस्थिती : नीती आयोगाच्या २०२४ मधील अहवालानुसार भारतात खाद्यतेलाचा दरमाणशी वार्षिक खप १९·७ किग्रॅ., म्हणजे दिवसाला सु. ५४ ग्रॅ. आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१० मध्ये केलेल्या शिफारशीनुसार श्रमाच्या प्रमाणात पुरुषांना दिवसाला २५ ते ४० ग्रॅ. व स्त्रियांना २० ते ३० ग्रॅ. दृश्य स्निग्ध पदार्थ पुरेसे असतात. म्हणजे साठ वर्षांपूर्वीची सरासरी गरजेच्या निम्म्याहूनही खाली होती, तर आजची सरासरी गरजेच्या बरीच वर आहे. हॉटेले व तळीव पदार्थांचा उद्योग यांचा वापरही या आकड्यात येतो. चिवडा व मिसळ यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नाशिक शहरात घराबाहेर खाल्ल्या जाणाऱ्या तेलाचे प्रमाण सहज ध्यानात येते. तेलाचा प्रकारही बदलला आहे. भुईमुगाच्या तेलात संतृप्त वसाम्लांचे प्रमाण सु. एक पंचमांश असते, तर पामोलीनमध्ये एकट्या पामिटिक अम्लाचेच ते सु. ४० टक्के असते.

सरासरीच्या या आकड्यामागे जिल्ह्यातील जुनी विषमता मात्र कायम आहे. अतिसेवनाचे विकार शहरात वाढत असताना पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न सुटलेला नाही. नागली वा भात यांच्या जोडीला स्निग्धांश कोठून येणार, हा तेथील जुनाच प्रश्न आहे. इगतपुरी येथील कृषी संशोधन केंद्रात (महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी) कारळ्यावर दीर्घकाळ संशोधन झाले असून आयजीपी–७६ सारखे वाण तेथे तयार झाले आहेत. २०२४–२५ च्या खरीप हंगामासाठी कारळ्याचा किमान आधारभाव क्विंटलला ८,७१७ रु. ठरविण्यात आला, त्या वर्षी सोयाबीनचा तो ४,८९२ रु. होता. भारतातील कारळ्याला परदेशात मागणी आहे, परंतु ती मुख्यतः पक्ष्यांचे खाद्य म्हणून. बाजारभाव व निर्यात यांमुळे पीक टिकण्यास मदत होते. त्याच कारणाने घरात राहणारे बी मात्र कमी होण्याचा संभव असतो. जवसाची गती एकोणिसाव्या शतकात अशीच झाली होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय खाद्यतेल–तेलबिया मोहिमेत २०३०–३१ पर्यंत देशातील तेलबियांचे उत्पादन ३९० लाख टनांवरून ६९७ लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. तिचा मुख्य भर मोहरी, भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल व तीळ या पिकांवर आहे. आयात कमी करण्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. तथापि आहाराच्या दृष्टीने तेलबियांचे मोल टनांत किंवा दरमाणशी सरासरीत पुरते मोजता येत नाही. डांग भागात वरकस जमिनीवरील कारळ्याने व देश भागात भुईमुगाच्या कुटाने जे काम केले, ते तेलाच्या आकडेवारीत कधीच नोंदले गेले नाही. ही पिके घटली, तेव्हा झालेली हानीही त्यामुळे हिशेबात आली नाही. बाजारातून तेल विकत घेण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबाला स्निग्धांश मिळण्याचा मार्ग आजही त्याच्या स्वतःच्या शेतातूनच जातो.